कचरा एकाचा, खोकला दुसऱ्याचा: पर्यावरणाचा संदेश समोरच्याच्या नीतीत कसा लिहावा

पर्यावरणावरचं एखादं पत्रक किंवा पोस्ट समोर घ्या आणि त्यातली फक्त क्रियापदं पेन्सिलीने अधोरेखित करा. वाचवा, जपा, जगवा. नाहीतर मारतोय, ओरबाडतोय, तडफडताहेत. जवळजवळ सगळी एकाच गोष्टीभोवती फिरतात: कुणातरी दुबळ्याला इजा होतेय आणि ती आपण थांबवली पाहिजे. दुबळा कधी झाड असतो, कधी मासा, कधी पुढची पिढी. गोष्ट तीच. लिहिणाऱ्याला ती इतकी उघड वाटते की नीतीच्या वहीतलं हे एकच पान आपण भरलं आणि बाकीची कोरी सोडली, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

मग हाच मजकूर राजकारणाच्या पलीकडच्या काठावर पोचतो आणि पालथ्या घड्यावर पाणी. लिहिणारा चिडून म्हणतो, या लोकांना निसर्गाची काही पडलेलीच नाही. बऱ्याचदा पडलेली असते. पण तुम्ही जो अपराध दाखवताय तो त्यांच्या हिशेबी लहान आहे, आणि त्यांच्या हिशेबी जो मोठा आहे तो तुम्ही दाखवलेलाच नाही. म्हणून संदेश बदलायचा म्हणजे सजावट बदलायची असं नसतं. त्यात कोणता अपराध घडतोय, हे बदलायचं असतं.

यामागचा सिद्धांत थोडक्यात असा. जोनाथन हाइट आणि क्रेग जोसेफ यांनी २००४ मध्ये माणसाच्या नैतिक जाणिवेचे काही मूळ पाये मांडले. पुढे जेसी ग्रॅहम, हाइट आणि ब्रायन नोसेक यांनी २००९ मध्ये ते प्रश्नावलीने मोजून दाखवले. पाये पाच: काळजी, न्याय, निष्ठा, अधिकार आणि पावित्र्य. नंतर त्यात स्वातंत्र्याचीही भर पडली. मोजमापात दिसलं ते असं, की डावीकडचे उदारमतवादी पहिल्या दोन पायांवर जास्त भार टाकतात, तर उजवीकडचे परंपरानिष्ठ पाचही पायांवर बऱ्यापैकी सारखा. (मराठीत यांना सर्रास 'पुराणमतवादी' म्हणतात. ज्याला काही पटवायचंय त्याला आधी या नावाने हाक मारून पाहा, म्हणजे हा लेख कशाबद्दल आहे ते लगेच कळेल.)

पर्यावरणाला हे लावून पाहिलं मॅथ्यू फाइनबर्ग आणि रॉब विलर यांनी, २०१३ मध्ये. त्यांनी आधी वर्तमानपत्रांतले लेख आणि जनजागृतीच्या चित्रफिती तपासल्या, तर बहुतेक मजकूर इजा आणि काळजी याच भाषेत होता. मग अमेरिकेतल्या लोकांचे गट केले. एका गटाला नेहमीचा मजकूर दिला, सोबत तोडलेल्या झाडांचे बुंधे, उजाड प्रवाळ आणि भेगाळलेली जमीन यांचे फोटो. दुसऱ्याला घाणीबद्दलचा मजकूर दिला: शहरावर बसलेला धुराचा ढग, गढूळ पाणी पिणारा माणूस, कचऱ्याने भरलेलं जंगल. तिसऱ्याला काय दिलं? नेकटायचा इतिहास. तुलनेसाठी काहीतरी निरुपद्रवी हवं होतं. नेहमीच्या मजकुराने दोन्ही बाजूंमधलं अंतर तसंच राहिलं. घाणीच्या मजकुरानंतर मात्र परंपरानिष्ठांची पर्यावरणाबद्दलची मतं उदारमतवाद्यांच्या जवळपास येऊन टेकली. मजकुरात तापमानवाढीचा उपदेश नव्हता, तरी तापमानवाढीवरचा विश्वासही वाढलेला दिसला.

या प्रयोगाचं कौतुक पुष्कळ झालं. मला त्यांचा २०१५ चा दुसरा अभ्यास जास्त कामाचा वाटतो, कारण त्यात वाचणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्याचा दोष दिसतो. विषय पर्यावरण नव्हता. उदारमतवाद्यांना सांगितलं की समलिंगी विवाहाच्या बाजूने असा युक्तिवाद लिहा जो परंपरानिष्ठांना पटेल. ६९ टक्क्यांनी आपल्याच मूल्यांवर, म्हणजे न्याय-समतेवर, लिहिलं. समोरच्याच्या मूल्यांवर लिहिणारे निघाले फक्त ९ टक्के. परंपरानिष्ठांना इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा असावी असं उदारमतवाद्यांना पटवायला सांगितलं, तर तिथेही ५९ टक्के आपल्याच मूल्यांत अडकले आणि ८ टक्केच पलीकडे गेले. लक्षात घ्या, समोरच्याला पटेल असं लिहा ही सूचना स्पष्ट दिलेली होती. तरीही दहातला एखादाच दुसऱ्याच्या चपलेत पाय घालतो. हे आपोआप जमत नाही, बसून करावं लागतं.

ते कसं, हे एका मजकुरावर पाहू. विषय मुद्दाम साधा घेतो: कचरा, त्यातही प्लास्टिक, उघड्यावर जाळणं. तथ्यं पक्की आहेत. प्लास्टिक जळताना अडीच मायक्रॉनहून बारीक कण निघतात. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे. ते फुप्फुसात खोलवर जातात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू आणि डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. मागणीही एकच: जाळू नका, गोळा करायला येणाऱ्याकडे द्या. नेहमीचा मजकूर साधारण असा असतो:

"कचरा जाळून आपण धरणीमातेचा श्वास कोंडतोय. पक्षी गुदमरताहेत, झाडं करपताहेत. पुढच्या पिढीसाठी आजच थांबूया."

आता पावित्र्याच्या पायावर लिहून पाहू:

"जळलेल्या प्लास्टिकचा धूर विरून जात नाही. त्याची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, पाण्याच्या टाकीत उतरते. जी राख हाताला लागली तर आपण साबण शोधतो, तीच रोज नाकावाटे आत घेतो आणि ती लेकरांच्या रक्तात जाते. घर रोज पुसायचं आणि हवा घाण करायची, हे आता पुरे."

दोन्हींत तथ्य तेच. पहिल्यात वाचणारा एखाद्या पक्ष्याचा रक्षक आहे, दुसऱ्यात त्याच्या स्वतःच्या अंगाला काहीतरी अमंगळ चिकटतंय. शब्दही बघा. 'प्रदूषण' हा शब्द या कामाला जवळजवळ निरुपयोगी आहे. तो सरकारी अहवालातला, ऐकून कुणाच्या चेहऱ्यावर सुरकुती पडत नाही. 'घाण', 'काजळी', 'चिकट', 'गढूळ', 'कुबट' हे शब्द ते काम करतात. मराठीत यासाठी शब्दांचा तोटा नाही. उलट आपण लिहिताना ते गाळून त्यांच्या जागी 'पर्यावरणीय ऱ्हास' बसवतो.

निष्ठेच्या पायावर हाच मजकूर लिहायचा तर निसर्ग मागे जातो आणि 'आपण' पुढे येतो: हा रस्ता, ही वस्ती, हे नाव आपलं आहे आणि त्याला कुणी उकिरडा म्हणावं हे आपल्याला चालणार नाही. अधिकाराच्या पायावर लिहायचं तर वारसा, शिस्त आणि जबाबदारी येते: आधीच्यांनी धडधाकट अवस्थेत हाती दिलेलं आपण मोडक्या अवस्थेत पुढे देणार का? न्यायाचं तर एका ओळीत होतं: कचरा एकाचा, खोकला दुसऱ्याचा.

आणि स्वातंत्र्याचा पाया, जो पर्यावरणवाले हमखास विसरतात: "माझ्या घरात यायचं तर दार वाजवावं लागतं. तुमचा धूर न विचारता आत येतो." मालमत्तेचा हक्क मानणाऱ्या माणसाला हवेच्या शुद्धतेवरचं व्याख्यान नको असतं, पण घुसखोरी त्याला बरोबर कळते. माझ्या मते या विषयावरची ही सगळ्यांत वाया गेलेली ओळ आहे. सरकारी बंधन नको म्हणणाऱ्यासमोर आपण कायद्याची भाषा घेऊन जातो, आणि शेजाऱ्याने केलेलं अतिक्रमण हे त्याचंच दुखणं आहे हे सांगायचं राहून जातं.

ही भाषा काही नवी नाही. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी ऑक्टोबर १९८८ मध्ये आपल्या परंपरानिष्ठ पक्षाच्या अधिवेशनात सांगितलं होतं, की पृथ्वीची पूर्ण मालकी कुठल्याच पिढीकडे नसते. आपल्याकडे असतो तो हयातीपुरता भाडेपट्टा, आणि तोही डागडुजीची सगळी जबाबदारी घेऊन. ही वकिलाची आणि घरमालकाची भाषा आहे. समोर बसलेल्यांना कुठेही परकी वाटणार नाही. अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध ० मतांनी पुढे गेला आणि त्याच वर्षी परंपरानिष्ठांच्या रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कारकिर्दीत पर्यावरण संरक्षण संस्था उभी राहिली. ओझोनच्या थराला वाचवणारा १९८७ चा माँट्रियल करार त्याच पक्षाच्या रेगन यांच्या काळातला. म्हणजे पर्यावरण हा जन्मतःच एका बाजूचा विषय नव्हता. तो तसा होत गेला, आणि त्यात भाषेचाही हात आहे.

निष्ठेच्या पायावर उभ्या राहिलेल्या मोहिमेचा सगळ्यांत चांगला नमुना टेक्सासचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथल्या महामार्ग खात्याला रस्त्याकडेचा कचरा उचलण्याचा खर्च झेपेना. कचरा टाकणाऱ्यांत भरणा होता तरुण पुरुषांचा, गाडीच्या खिडकीतून डबा भिरकावणाऱ्यांचा. त्यांना 'निसर्ग जपा' सांगून काय होणार? घोषवाक्य ठरलं त्याचा मराठीत अर्थ होतो, 'टेक्सासच्या वाटेला जाऊ नका'. आधी गाड्यांवर चिकटवायच्या पट्ट्या आल्या, १९८६ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती. सांगणारे कोण, तर त्या राज्याचे लाडके खेळाडू आणि गायक. त्या घोषवाक्यात निसर्ग नाही, कचरा नाही, विनंतीसुद्धा नाही. आहे ती दमदाटी. कचरा टाकणं ही बेफिकिरी न राहता आपल्या मातीचा अपमान ठरली. रस्त्यावरचा कचरा पुढच्या वर्षांत चांगलाच घटला, आणि ते वाक्य कचऱ्याशी असलेलं नातं विसरून राज्याची ओळख होऊन बसलं.

आता बिघडतं कुठे ते, कारण बिघडण्याच्या जागा पुष्कळ आहेत.

पहिली आणि सर्रास दिसणारी चूक म्हणजे वरून चिकटवलेला बिल्ला. मजकूर आतून तोच, 'दुबळ्यांना वाचवा' छापाचा, आणि वर झेंड्याचा फोटो. वाचणाऱ्याला हे दोन सेकंदांत कळतं. ख्रिस्टोफर वोल्स्को आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये देशप्रेमाची चौकट (चौकट म्हणजे मुद्दा ज्या मूल्यात बसवून मांडला जातो ते) वापरून परंपरानिष्ठांचा कल वळवला तेव्हा झेंडा आणि गरुडाची चित्रं होतीच, पण मजकूरही देशप्रेम, अधिकाराचा मान आणि निसर्गाची शुद्धता यांवरच रचलेला होता. चित्र आणि वाक्य एका सुरात नसतील तर चित्र काढून टाकलेलं बरं. तपासायची युक्ती सोपी आहे: झेंडा झाका आणि मजकूर वाचा. तरीही तो निष्ठेचा वाटतो का?

दुसरी चूक, सगळे पाये एकाच पत्रकात कोंबणं. काळजीही, न्यायही, देशही, वारसाही. हावरटपणाच तो. दीडशे शब्दांत एक अपराध, एक आकडा, एक मागणी आणि एक सांगणारा, एवढंच मावतं. क्रमही राखावा: आधी ज्याचा मान दोघेही ठेवतात ती गोष्ट, मग तिला काय होतंय, मग कशामुळे, मग मागणी. 'तुम्हाला हवामानबदल पटत नसला तरी' अशी सुरुवात तर कधीच करू नये. ती समोरच्याला त्याची बाजू आठवून देते, आणि पुढचा मजकूर तो त्या बाजूचा वकील होऊन वाचतो.

तिसरी चूक नावांत लपलेली असते. डेव्हिड हार्डिस्टी, एरिक जॉन्सन आणि एल्के वेबर यांनी २०१० मध्ये विमानाच्या तिकिटावरचा तोच जादा आकार काही लोकांना 'कार्बन कर' म्हणून दाखवला, काहींना 'कार्बन भरपाई' म्हणून. डेमोक्रॅट मतदारांना विशेष फरक पडला नाही. रिपब्लिकनांचा पाठिंबा 'कर' या दोन अक्षरांनी ढासळला. तसंच डेना ग्रोमेट, हॉवर्ड कुनरॉयथर आणि रिचर्ड लॅरिक यांनी २०१३ मध्ये लोकांना पैसे देऊन खरोखर दिवा विकत घ्यायला लावला. वीज वाचवणाऱ्या महाग दिव्यावर 'पर्यावरण वाचवा' असं लेबल लावलं की परंपरानिष्ठांनी तो कमी उचलला. कोऱ्या लेबलचा उचलत होते. म्हणजे आपलं घोषवाक्य कधीकधी विक्रीला मारक ठरतं. मजकूर पुरा झाला की त्यातले असे शब्द शोधा जे वाचताच लिहिणाऱ्याचा पक्ष कळतो, आणि ते काढा. जिथे काढल्याने अर्थ बदलतो तिथे राहू द्या, पण बहुतेक ठिकाणी बदलत नाही.

चौथी जागा सगळ्यांत अवघड: मागणीच चौकटीला छेद देते. ट्रॉय कॅम्पबेल आणि आरन के यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की माणूस अनेकदा समस्येला नाही, तिच्या उपायाला नाकारत असतो. तापमानवाढीवर उपाय म्हणून सरकारी नियम सांगितले तेव्हा तापमान शास्त्रज्ञ सांगतात तेवढं वाढेल हे विधान २२ टक्के रिपब्लिकनांनी मानलं. उपाय खुल्या बाजाराचा सांगितला तर ५५ टक्क्यांनी. विधान तेच, पुरावा तोच. तेव्हा स्वातंत्र्याच्या पायावर सुंदर मजकूर लिहून शेवटी 'म्हणून बंदी आणा' असं म्हटलंत तर सगळं मुसळ केरात. मागणी बदलता येत नसेल तर तिच्याशी जुळणारा पाया निवडा. बंदीच मागायची असेल तर घुसखोरी रोखणारा नियम म्हणून मागा. अमेरिकेत १९९० मध्ये आम्लपर्जन्य आटोक्यात आणायला रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांच्या सरकारने गंधकाच्या उत्सर्जनाचे परवाने खरेदी-विक्रीला ठेवले. मर्यादा कडकच होती, पण ती पाळायची कशी हे कारखान्यावर सोडलं होतं. ही मागणी त्या बाजूच्या पचनी पडण्याजोगी होती.

पावित्र्याच्या चौकटीचा एक वेगळा धोका आहे आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. किळस ही भावना घाणीवर थांबत नाही. ती घाण उचलणाऱ्यावर, घाणीशेजारी राहावं लागणाऱ्यावर जाऊन बसते. 'शहर विद्रूप करणारे' असा एक शब्दप्रयोग पुरतो आणि नदीची चर्चा माणसांच्या चर्चेत बदलते. म्हणून अशा मजकुरात घाणीचा कर्ता नेहमी वस्तू किंवा कृती असावी: धूर, सांडपाणी, जाळणं. 'ते लोक' कधीही नको. दुसरं, किळस जास्त झाली तर वाचणारा तोंड फिरवतो. फोटो एकच, तोही मोकळ्या जागेतला, आणि लगेच खाली करण्याजोगी गोष्ट लिहिलेली.

अधिकाराच्या चौकटीत अधिकार नेमका कुणाचा, हा प्रश्न असतो. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावर परिपत्रक काढलं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, आता परंपरानिष्ठ कॅथलिक वळणार. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उलटंच दिसलं. पत्रकाची माहिती असलेल्या परंपरानिष्ठांनी हवामानाबद्दलचं मत बदलण्याऐवजी पोप यांची या विषयातली विश्वासार्हताच खाली आणली. याउलट मॅथ्यू गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या प्रयोगात दोन मतदारसंघांत महिनाभर समाजमाध्यमांवर जाहिराती चालवल्या. त्यांत बोलणारे होते हवाईदलाचे निवृत्त जनरल रॉन कीज, रिपब्लिकन पक्षाचे माजी खासदार बॉब इंग्लिस आणि स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती असलेल्या हवामानशास्त्रज्ञ कॅथरिन हेहो. तिथल्या रिपब्लिकन मतदारांची तापमानवाढीबद्दलची समज काही टक्क्यांनी वाढली. काही टक्के हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण एका महिन्याच्या जाहिरातींना हे चांगलं फळ आहे. फरक काय? जनरल त्या लोकांचाच माणूस होता आणि जे बोलला ते त्याच्या पेशाला शोभणारं होतं. सांगणारा निवडताना मोठं नाव शोधू नका. जो ही गोष्ट तुम्ही न सांगताही आपल्या माणसांत बोलला असता, तो शोधा. नाही सापडला तर थांबा. चुकीच्या तोंडून बरोबर चौकट आली की ती लबाडी वाटते.

समोरच्याचा पाया कोणता हे ठरवायचं कसं? 'उजवे म्हणजे पावित्र्य' असा तक्ता करून नाही. पाहण्यांत दिसतो तो सरासरीतला फरक. माणसामाणसांत सरमिसळ भरपूर असते. त्यापेक्षा त्या गटाने स्वतः लिहिलेली-बोललेली पंधरा-वीस विधानं गोळा करा: सभांमधली भाषणं, वर्तमानपत्राला लिहिलेली पत्रं, तक्रारी. विषय पर्यावरणाचा नसला तरी चालेल, नसलेलाच बरा. प्रत्येक विधानासमोर एक शब्द लिहा: इथे तक्रार कशाची आहे? फसवणुकीची, अपमानाची, बेशिस्तीची, घुसखोरीची, विटाळाची की इजेची? मग मोजा. वीसपैकी नऊ वेळा 'न विचारता लादलं' येत असेल तर तुम्हाला पाया सापडला. त्यांचे शब्दही इथूनच घ्यायचे, आपल्या मनाने घडवायचे नाहीत.

मग कच्चा मजकूर त्या गटातल्या आठ-दहा जणांना दाखवा आणि 'आवडला का' हे विचारू नका, कारण लोक भिडेखातर हो म्हणतात. तीन प्रश्न विचारा. हे कुणी लिहिलं असेल? यात चूक कुणाची आणि कसली दाखवलीय? तुम्ही नेमकं काय करावं असं यात म्हटलंय? पहिल्याला 'ते पर्यावरणवाले' असं उत्तर आलं तर एखादा शब्द सुटलाय. दुसऱ्याला 'निसर्गाची हानी' असं उत्तर आलं तर चौकट लागलेलीच नाही, जुनाच मजकूर नव्या कपड्यांत आहे. तिसऱ्याला दहा जणांकडून चार वेगवेगळी उत्तरं आली तर मागणी धूसर आहे, आणि मग बाकी सगळं बरोबर असूनही उपयोग नाही.

याला फसवणूक म्हणणारे भेटतात आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझी कसोटी अशी: दोन गटांसाठी लिहिलेले दोन मजकूर शेजारी ठेवून दोन्ही गटांना दाखवले तर शरम वाटेल का? आकडे, कारणं आणि मागणी दोन्हींत सारखी असतील तर वाटायचं कारण नाही. एकाला 'खर्च वाढेल' सांगितलं आणि दुसऱ्याला 'पैसे वाचतील', तर ती लबाडीच. आणि आजच्या काळात मजकूर गळतोच. एका गटासाठीचा दुसऱ्याकडे संध्याकाळपर्यंत पोचतो. गाडी उलट दिशेलाही चालते, हे पर्यावरणवाल्यांनी सोसायला हवं. अणुऊर्जेला नाक मुरडणाऱ्यासमोर कुणी देशाच्या सामर्थ्याचं बोलण्याऐवजी त्याच्याच इजेच्या भाषेत बोललं, की तितक्याच विजेमागे कोळशाने होणारे मृत्यू, हवेतल्या घाणीने होणारे धरून, अणुऊर्जेच्या शेकडो पट जास्त आहेत, तर तो त्याच्यावरचा अन्याय नव्हे. तीच ही युक्ती, फक्त आता टोक आपल्याकडे आहे.

परिणामाबद्दल मात्र जमिनीवर राहावं. मॅथ्यू बाल्डविन आणि योरिस लामर्स यांनी २०१६ मध्ये मांडलं होतं, की भविष्याची भीती घालण्याऐवजी 'पूर्वी कसं छान होतं' अशी तुलना केली की परंपरानिष्ठ वळतात. कल्पना फार गोड होती, पण पुढे आराखडा आधी जाहीर करून केलेल्या पडताळणीत ती टिकली नाही. २०१६ मध्येच थॉमस बेर्नाउअर आणि लियम मॅग्रा यांनी दाखवलं की नुसती चौकट बदलून हवामान धोरणाचा पाठिंबा वाढेल अशी आशा धरू नये. २०२४ मध्ये ६३ देशांतल्या ५९ हजारांहून जास्त लोकांवर ११ उपाय एकत्र तपासले गेले, त्यांत निष्ठा-अधिकार-पावित्र्याची चौकटही होती. विश्वास आणि धोरणाचा पाठिंबा यांत चांगल्यात चांगल्या उपायाने दोन-तीन टक्क्यांची हालचाल झाली. आणि जिथे झाड लावायला खरोखर थोडे कष्ट घ्यायचे होते, तिथे एकाही उपायाने वाढ झाली नाही.

याचा हिशेब चाचणी घेताना ठेवावा लागतो. दोन मजकुरांत लहानसा फरक, संख्याशास्त्रात ज्याला ०.२ चा परिणाम म्हणतात तो, ऐंशी टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक मजकुराला ४०० च्या आसपास वाचक लागतात. परिणाम त्याच्या निम्मा असेल तर चौपट, म्हणजे सोळाशेच्या घरात. पन्नास-पन्नास जणांना दाखवून 'हा मजकूर चालला' म्हणणं म्हणजे नाणं पाच वेळा उडवून ते खोटं आहे असं ठरवणं. शिवाय फरक एका बाजूवर होतो आणि दुसऱ्या बाजूवर नाही, हे दाखवायचं तर वाचक आणखी बरेच लागतात, आणि इथेच बहुतेक लहान चाचण्या फसतात.

आणि मोजायचं काय? 'तुम्ही सहमत आहात का' हे मोजायला सोपं आहे म्हणून सगळे तेच मोजतात. कचरा जाळण्याच्या उदाहरणात मोजायचं ते वेगळं: मजकूर वाटण्याआधी दोन आठवडे आणि नंतर सहा आठवडे, रोज ठरावीक वेळी ठरावीक रस्त्यांवरून फिरून पेटलेले ढीग मोजायचे. तेवढेच रस्ते मजकूर न वाटलेल्या भागातलेही घ्यायचे, नाहीतर पाऊस पडला म्हणून ढीग कमी झाले आणि श्रेय मजकुराला गेलं असं होतं. मोजणाऱ्याला कुठल्या भागात कोणता मजकूर गेलाय ते सांगायचं नाही. पहिल्या आठवड्यात आकडा पडतोच. खरा आकडा सहाव्या आठवड्याचा.